कोजागरी, ग्रहण आणि रेड सॉक्स

'वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतल्या बेसबॉलची अंतिम मालिका) नेमकी दसरा-दिवाळीच्या गडबडीत येते, आपल्या सणांशी तिचा काय संबंध' असं कुणी म्हटलं, तर एरवी मान्य केलं असतं. पण २००४ साली आम्ही बॉस्टनजवळ राहत होतो. २७ ऑक्टोबरला कोजागरी, त्याच रात्री सेंट लुईसमध्ये रेड सॉक्सचा, म्हणजे बॉस्टनच्या संघाचा, सिरीजमधला चौथा सामना, आणि वर खग्रास चंद्रग्रहण! १९१८ नंतर त्यांनी एकदाही सिरीज जिंकली नव्हती. बेब रुथ या आपल्या दिग्गज खेळाडूला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकल्याचा शाप म्हणे. शेजारचे आजोबा हे इतक्या गंभीरपणे सांगायचे, की आमच्या सासूबाईंना ते लगेच पटलं. भाषा कळत नव्हती, शाप कळला.

सव्वानऊला ग्रहण लागलं. केशर-वेलची घातलेलं दूध त्याआधीच आटवून, वर तुळशीचं पान ठेवून झाकलेलं. मोक्ष पावणेएकनंतर, तोवर कुणी थेंबही घ्यायचा नाही असा सासूबाईंचा हुकूम. मग काय करणार, टीव्ही लावला. रेड सॉक्सच्या जॉनी डेमननं पहिल्याच इनिंगमध्ये होमरन मारला होता. पावणेबाराच्या सुमारास शेवटचा गडी बाद झाला, ३-०, आणि सिरीज रेड सॉक्सची! बाहेर चंद्र अजून तांबूस होता आणि रस्ताभर भोंगे वाजत होते. ग्रहण सुटावं म्हणून लोक ओरडताहेत, असं सासूबाईंना वाटलं. ८६ वर्षांचं ग्रहण म्हटलं, तर अगदीच चूक नव्हतं ते.

दूध शेवटी एक वाजता प्यायलो, शेजारच्या आजोबांसकट. त्यांनी दोन पेले घेतले.