स्क्रूचा भाव की दाताचा?

एका दाताच्या इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) एकीकडे १८ हजार, दुसरीकडे ४० हजार, हा फरक कशाचा, असं तुम्ही विचारलंय. आईच्या वेळी आम्हीही इथे सोलापुरात असेच चक्रावलो होतो. स्वस्त आकडा निव्वळ हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूचा निघाला. त्यावरचं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) वेगळं, कॅप (वरचा दिसणारा दात) वेगळी, सीबीसीटी स्कॅनही (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) वेगळा! कॅपमध्येही मेटल-सिरॅमिकपेक्षा झिरकोनिया (पांढरं, मजबूत सिरॅमिक) महाग.

खरी मेख हाडात आहे. दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर तिथलं हाड झिजतं, मग बोन ग्राफ्टचा (तिथे हाडाची भर घालण्याचा) खर्च वाढतो. वरच्या दाढेला कधी सायनस लिफ्टही (दाढेवरच्या पोकळीचा तळ उचलून हाड भरणं) लागते. हे स्कॅन बघितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे फोनवर सांगितलेल्या भावावर मी तरी विसंबणार नाही.

स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. तेवढे दिवस आईची कडक भाकरी आमटीत भिजवूनच (तक्रार रोज!). शुगर असेल किंवा तंबाखू चालू असेल तर आधीच सांगा. इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो. स्क्रू निघालाच तर पुन्हा बसवायचे पैसे कोणाचे, हे लेखी घ्या. आणि स्क्रूच्या पाकिटावरचं कंपनी-नंबरचं स्टिकर फाईलला लावून मागा.