झूमवरचे दहा जण मिन्यानमध्ये (ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत) धरायचे का?

मासुंदा (धागाकर्ती)
कोरोनाच्या साथीत, २४ मार्च २०२० ला, इस्राएलमधल्या चौदा रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी), बहुतेक मोरोक्कन वळणाच्या, एक पत्रक काढलं. पेसाहच्या सेदेरला (इजिप्तमधून सुटकेच्या सणातल्या घरगुती भोजनविधीला) म्हातारी माणसं एकटी पडणार असतील तर झूम चालेल, असं त्यात होतं. यंत्र सण लागायच्या आधी चालू करायचं, मग हात लावायचा नाही, आणि सवलत त्या संकटापुरतीच. मुख्य रब्बींनी लगोलग विरोध केला, काही सह्या मागेही घेतल्या गेल्या. ८ एप्रिलला सेदेरच्या रात्री तिकडे संचारबंदी, इकडे टाळेबंदी. 'आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?' हे घरातल्या लहान मुलाने विचारायचं असतं. त्या वर्षी कित्येक घरांत विचारायला मूलच नव्हतं.

सवलत योग्यच होती, आणि साथीबरोबर ती संपवायला नको होती असं मला वाटतं. सेदेरच काय, मिन्यानही पडद्यावर भरला तर चालावा. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ लागतात, सनातनी पंथात दहा पुरुष. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह (सनातनींहून थोड्या सैल) पंथाच्या समितीने मार्च २०२० मध्येच आणीबाणीचा उपाय म्हणून दूरस्थ मिन्यानला वाट करून दिली होती. आपल्या बेने इस्राएलांना (मराठी ज्यूंना) तर साथ नसतानाही याची गरज आहे. भारतात उरलेत जेमतेम चार-पाच हजार, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. कोकणातल्या सिनेगॉगांत (प्रार्थनामंदिरांत) दहा पुरुष आणायचे कुठून?

तर्कट
ताई, गल्लत होतेय. सेदेर हा घरचा विधी, त्याला मिन्यान लागतच नाही. एकटा असेल तर माणसाने प्रश्न स्वतःलाच विचारावा, असं तल्मूदमध्ये (धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चाग्रंथात) स्पष्ट आहे. त्या चौदा जणांपुढचा पेच होता सणाच्या दिवशी वीज वापरण्याचा, जी सनातनी नियमात वर्ज्य. मिन्यानचा मुद्दाच निराळा: दहा जण एका जागी हवेत.

नियम न मोडताही वाट निघते. २०२० च्या रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) पहिला दिवस शनिवार, म्हणजे शब्बाथ (विश्रांतीचा दिवस), म्हणून शोफार (मेंढ्याचं शिंग) वाजवायचा नव्हताच. २० सप्टेंबरच्या रविवारी, इस्राएलमध्ये दुसरी टाळेबंदी असताना, लोकांनी रस्त्यांवर आणि आवारांत उभं राहून शोफार फुंकला, खिडक्यांतून शेजाऱ्यांनी ऐकला. मिश्नात (तल्मूदच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहात) म्हटलंय की शिंगाचा आवाज ऐकायला हवा, प्रतिध्वनी नाही. लॅपटॉपच्या स्पीकरमधून आलेला आवाज यातलं काय, तुम्हीच सांगा.

दुपारची_झोप
नियम नियम करून काय झालं ते बनेई ब्राकमध्ये (इस्राएलमधल्या कट्टर सनातनी वस्तीच्या शहरात) दिसलं की. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला साथीमुळे अख्खं शहर बंद करावं लागलं.

तर्कट
यात वादच नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडायचा, हा आमचाच नियम. तिथल्या वजनदार रब्बी कानिएव्हस्कींनी आधी शाळा चालू ठेवायला सांगितलं, ते चुकलंच. पण मार्च संपायच्या आत त्यांनीच 'एकेकट्याने प्रार्थना करा' म्हटलं. झूमवर दहा जमवा असं नाही म्हटलं.

लोदवाली
दादा, शास्त्र आम्हीही थोडंफार ऐकलंय. त्याच उन्हाळ्यात माझे मामा मुंबईत गेले. आम्ही सगळे इथे इस्राएलमध्ये लोदला, विमानं बंद. रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर जमून तेहिलीम (स्तोत्रं) वाचले, मराठीतून मामांच्या आठवणी काढल्या. कद्दीश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) मात्र म्हणता येईना, कारण मिन्यान नाही. मामी रोज विचारायच्या, 'झाला का कद्दीश?' काय सांगणार?

शुल्हान आरुखमध्ये (ज्यू आचारनियमांच्या ग्रंथात) आहे ना, सिनेगॉगच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने खिडकीतून, ती कितीही मजले उंच असो, तोंड दाखवलं तर तो दहात धरायचा. मग आमची तोंडं दिसत नव्हती का?

तर्कट
मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. खिडकीचा दाखला बरोबर आहे, त्याच आधारावर गच्ची-बाल्कनीतले मिन्यान भरले. पण तिथे माणूस स्वतः दिसतो. पडद्यावर त्याचं चित्र दिसतं.

बखरवाचक
दोघेही नव्या चष्म्यातून बघताय. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं १७९६ साली. त्याआधी कोकणात कित्येक पिढ्या ना सिनेगॉग, ना रब्बी. शमा (देव एकच, ही प्रार्थना) म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तर 'शनिवार तेली' नाव पडलं. किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला) आपण म्हणतो दारफाळणीचा सण: दारं लावून घरात राहायचं, बाहेरच्यांशी संपर्क टाळायचा. टाळेबंदी आपल्याला काय नवीन? झूम नको आणि मिन्यानचा हट्टही नको.

तर्कट
मग सामाजींनी बांधलं कशाला? घरच्या घरी भागत होतं तर कोकणातून मुंबईत आलेल्यांनी एकामागून एक सिनेगॉगं उभारली नसती.

खवय्या
मलिद्याचं (आपल्या प्रसादाच्या ताटलीचं) बोला कुणीतरी! भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं झूमवर म्हणता येईल हो, ताटली कशी पाठवणार?

मासुंदा
@खवय्या, आमच्याकडे घरातल्या चौघांनीच केला. चार ताटल्या, फार पोहे उरले.

@तर्कट, चित्र की माणूस हा प्रश्न मामींना विचारून बघा.

तर्कट
मामींचं दुःख मोठंच आहे. पण दहाच्या अटीमुळेच नऊ जण दहाव्याला उठवायला जातात. घरबसल्या भागलं की बाहेर पडायचं कारणच संपतं, आणि छोटी सिनेगॉगं त्यानेच लवकर बंद पडतील. तडजोड हवी असेल तर कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचाच २००१ चा निर्णय घ्या: दहा जण एका जागी हवेत, बाकीचे दुरून सामील होऊन आमेन म्हणू शकतात. साथीच्या आधीपासून आहे हा.

मासुंदा
ती सोय न्यू जर्सीच्या उपनगराला ठीक. तिथे दहा आधीच बसलेत. कोकणात ज्याला उठवायला जायचं तो दहावा इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो, आणि बहुतेक वेळा आठवा-नववाही.

लोदवाली
अश्दोदला माझे दोन चुलतभाऊ आहेत. सांगा, कधी लॉगिन करू देता.