‘ग्रंथी वाढली’ म्हणजे ‘गाठ झाली’ का?

पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ‘प्रोस्टेट’ या ग्रंथीसाठी मराठीत ‘पुरःस्थ’, ‘पौरुष ग्रंथी’ आणि ‘अष्ठीला’ असे तीन शब्द सुचवले जातात. ‘पुढे उभा असलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘पुरःस्थ’ बेतलेला दिसतो. ‘अष्ठीला’ म्हणजे वाटोळा दगड. आयुर्वेदातल्या मूत्राघाताच्या (लघवी अडण्याच्या विकाराच्या) प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते, म्हणून मला तोच शब्द अधिक मुरलेला वाटतो. आमच्या सोलापुरात मात्र दवाखान्यात सगळे ‘प्रोस्टेट’च म्हणतात आणि त्याने काही अडत नाही. अडते ते ‘ग्रंथी’पाशी.

माझ्या मामांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. सोनोग्राफीत त्यांच्या प्रोस्टेटचे वजन 38 ग्रॅम निघाले (एरवी ते साधारण 20 ग्रॅम असते) आणि डॉक्टर ‘ग्रंथी वाढली आहे’ एवढेच म्हणाले. घरी पोहोचेपर्यंत तिची ‘गाठ’ झाली होती, आणि त्या रात्री मामींच्या घशाखाली घास उतरला नाही. व्युत्पत्तीने पाहिले तर मामींचे चुकले नव्हते, कारण ‘गाठ’ हा शब्द ‘ग्रंथि’पासूनच आला, पण साठीपुढच्या माणसाबाबत आज ‘गाठ’ म्हटले की ऐकणाऱ्याला कर्करोगच ऐकू येतो.

वास्तविक वयानुसार होणारी सौम्य वाढ ग्रंथीच्या आतल्या, मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते. त्यामुळे लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, शेवटी थेंब थेंब गळत राहते, मूत्राशय पुरते रिकामे झाल्यासारखे वाटत नाही आणि एखाद्या दिवशी लघवी पार तुंबते. या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही, मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून तो आरंभी गप्प असतो आणि कधीकधी थेट कंबरेच्या हाडांच्या दुखण्यातूनच कळतो. ‘सूज’ हा शब्द लोक दोन्हींसाठी वापरतात. माझ्या मते तो जंतुसंसर्गासाठी राखून ठेवावा, कारण थंडी वाजून ताप, ओटीपोटात व बैठकीच्या जागी दुखणे आणि लघवीला जळजळ ही खरोखरच्या सुजेची लक्षणे आहेत, आणि ती तरुणांतही दिसतात.

आणखी एक शब्द याहून फसवा आहे, तो म्हणजे ‘उन्हाळी’. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात पाणी कमी पडून लघवी थोडी थोडी आणि जळजळीत होते, तिला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, आणि शब्द नेमका आहे. परंतु मामांनी वारंवार लघवीला जाण्यालाही तेच नाव दिले आणि दोन वर्षे धन्या-जिऱ्याचे पाणी पिऊन काढली. पुढे संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ते रात्री चार-चारदा उठू लागले, तेव्हा मामींनीच विचारले, “थंडीत कसली ओ उन्हाळी?”