झिदान: थोर मॅनेजर की नुसता नशीबवान?

मध्यरात्र_मद्रिद:
झिदानला थोर मॅनेजर म्हणणाऱ्यांनो, जानेवारी 2016 मध्ये बेनिटेझच्या जागी तो रेआल माद्रिदचा मॅनेजर म्हणून आला तेव्हा संघात कोण होतं? रोनाल्डो, रामोस, मॉड्रिच, क्रूस, मार्सेलो. ताट वाढून तयार होतं, याने फक्त पाट ओढला. आणि त्या सलग तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांचा कप)? 2016 ची फायनल पेनल्टीवर. 2017 ला बायर्नच्या व्हिडालला रेड कार्ड, वर रोनाल्डोचे दोन ऑफसाइड गोल. 2018 ला सेमीत बायर्नचा उलराइख आणि फायनलला लिव्हरपूलचा कारियस, दोन गोलकीपरांनी आहेर केला. त्याच सीझनमध्ये स्पेनच्या लीगमध्ये तिसरा, बार्सिलोनाच्या 17 पॉइंट मागे. कोपा देल रेमधून, म्हणजे स्पेनच्या कपमधून, लेगानेसने घरच्या मैदानावर हरवून बाहेर काढलं. कपात नशीब खपतं, 38 सामन्यांत मॅनेजर दिसतो.

बेंचवरचा:
38 सामन्यांचंच बोलायचं तर 2016-17 ची लीग कुठे गेली? 93 पॉइंट. सोयीचा सीझन तेवढा उचललास.

आणि तयार ताटात कासेमिरो, बचावाचा मिडफिल्डर, नव्हता हो. नोव्हेंबर 2015 च्या क्लासिकोत, म्हणजे बार्सिलोनाविरुद्ध, बेनिटेझने त्याला बसवून ठेवलं आणि घरच्या बर्नाबेउवर 0-4 खाल्ले. मिडफिल्डमध्ये सगळे चित्रकार, भिंत बांधणारा कुणी नाही. एप्रिलमध्ये झिदान बार्सिलोनाच्या कँप नूवर गेला तेव्हा कासेमिरो पहिल्या अकरात होता. रामोसला रेड कार्ड मिळूनही 2-1 जिंकले.

दुसरी गोष्ट रोनाल्डोची. त्याला 'आज तू घरी बस' सांगायची हिंमत आधी कुणाची होती? 2016-17 मध्ये बाहेरच्या मैदानांवर इस्को, असेन्सिओ, मोराता, हामेस खेळायचे आणि रोनाल्डो विश्रांती घ्यायचा. मग चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपासून बघ: बायर्नला पाच, अ‍ॅटलेटिकोला तीन, युव्हेंटसला दोन. दहा गोल! ताजे पाय नशिबाने मिळत नाहीत.

शाहू_स्टेडियम:
कोल्हापूरकर म्हणून एक सांगतो. तालमीच्या टीममध्ये स्टार प्लेअरला हाफटाइमला बाहेर काढलं तर कोचला गल्लीत तोंड दाखवणं मुश्किल. तिकडे तर बॅलन डी'ऑर विजेता.

मध्यरात्र_मद्रिद:
कासेमिरोचं मान्य. पण माणसं सांभाळणं म्हणजे डावपेच नव्हेत. 2017 च्या कार्डिफच्या फायनलचं सांग, हाफटाइमला 1-1 होतं. त्याने असं काय केलं?

बेंचवरचा:
मॅच पाहिलीस की हायलाइट्स? बेल दुखापतीतून नुकता उठलेला, म्हणून कार्डिफ त्याचं गाव असूनही त्याला बसवलं आणि इस्कोला पुढच्या दोघांच्या मागे मोकळं सोडलं. सेकंड हाफमध्ये युव्हेंटसला मिडफिल्डमध्ये बॉलच मिळेना, शेवटी 4-1. पुढच्या वर्षी कीव्हमध्ये, लिव्हरपूलविरुद्धच्या फायनलला, उलटं केलं. 1-1 असताना इस्को बाहेर, बेल आत, आणि तीन मिनिटांत ती बायसिकल किक. आपल्याकडे रात्रीचे दीड वाजून गेलेले. मी ओरडलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला, 'कुणी गेलं का?'

लाल_लिव्हर:
कीव्हबद्दल कौतुकाने बोलू नका, सालाहचा खांदा अजून दुखतो आमचा. आणि 2021 मधलं अल्कोयानो सगळे सोयीस्कर विसरतात. तिसऱ्या डिव्हिजनची टीम, तीही दहा जणांवर, एक्स्ट्रा टाइममध्ये झिदानच्या माद्रिदला बाहेर काढते. त्या सीझनला एकही ट्रॉफी नाही.

बेंचवरचा:
अल्कोयानोची लाज आहेच, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याआधी 2019-20 मध्ये रोनाल्डो नसताना त्याने लीग जिंकली, तीही बचावावर. 38 सामन्यांत फक्त 25 गोल खाल्ले.

मध्यरात्र_मद्रिद:
लीग दे त्याला, युरोप नाही. 2022 ला सेमीत मँचेस्टर सिटीविरुद्ध रॉड्रिगोने 90 व्या मिनिटाच्या आसपास दोन गोल मारले तेव्हा मॅनेजर अँचेलोटी होता. म्हणजे ते नशीब क्लबचंच आहे, बाकावर कुणीही बसवा.

शाहू_स्टेडियम:
कुणीही? 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कँप नूवर 5-1 खाऊन माद्रिदचा तेव्हाचा मॅनेजर लोपेटेगी घरी गेला, तो काय दुसऱ्या क्लबचा होता?