अनुभव धागा : गोल्फचे पहिले आयर्न, कमी बजेट आणि आपण खान्देशी

राम राम मंडळी. मी मूळ अमळनेरचा, नोकरीमुळे पुण्यात. इथे ऑफिसातल्या एका सिनियरमुळे गोल्फ लागलं आणि आता सुटत नाही. गेल्या काही महिन्यांत जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं की दादा सुरुवात करायची आहे, कोणता सेट घेऊ, बजेट कमी आहे. आपल्याकडे जाऊन हातात धरून बघावं असं गोल्फचं दुकान माझ्या तरी पाहण्यात नाही, त्यामुळे माणूस मोबाईलवर फोटो बघतो आणि फोटोत सगळेच क्लब चकाचक दिसतात. म्हणून हा धागा. ज्यांनी ज्यांनी आयर्न (लोखंडी डोक्याचे, नंबर लिहिलेले क्लब) घेतलेत, वापरलेत, विकलेत त्यांनी सविस्तर लिहा, आपल्या गावाकडच्या जमिनीच्या आणि खिशाच्या हिशोबाने लिहा.

सुरुवात मीच करतो. माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षी पूर्ण सेट घेऊच नये. नियमात बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, कमीत कमी किती याचं बंधन कुठेच नाही. मी सेव्हन आयर्न, नाईन, पिचिंग वेज आणि सँड वेज (वेज म्हणजे जास्त तिरप्या तोंडाचे, जवळच्या फटक्याचे क्लब) एवढ्यावर सुरुवात केली, चारही सेकंडहँड, चारही कॅव्हिटी बॅक. कॅव्हिटी बॅक म्हणजे क्लबच्या डोक्याची (बॉलला लागतो त्या भागाची) मागची बाजू पोकळ असते, तिथलं वजन काढून कडेला फिरवलेलं असतं, त्यामुळे बॉल बरोबर मध्यावर नाही बसला तरी क्लबचं तोंड हातात कमी फिरतं आणि बॉल बऱ्यापैकी पुढे जातो. ब्लेड, म्हणजे मागून सपाट, पातळ डोक्याचे आयर्न, दिसायला देखणे असतात पण नवख्याच्या हाताला झिणझिण्या आणतात. राहिलेल्या पैशात मी प्रो (गोल्फ शिकवणारा व्यावसायिक) कडे शिकवणी लावली, माझ्या मते खरा फायदा तिथे झाला कारण हाताची पकड आणि उभं राहणं चुकीचं बसलं की पुढे कितीही महाग क्लब आणा, उपयोग होत नाही.

चाळीसगाव, फौजेतून रिटायर

दादाने विषय चांगला काढला. मी बी खान्देशनाच शे, पण गोल्फ शिकलो छावणीत. साहेब लोक खेळायचे, आम्ही रविवारी जुन्या क्लबांवर हात साफ करायचो. सेकंडहँड घेताना काय बघायचं ते सांगतो कारण फोटोवरून घेणाऱ्यांची फसगत मी फार बघितली आहे. पहिलं म्हणजे तोंडावरच्या आडव्या खाचांवरून नख फिरवा, नख अडकलं पाहिजे. घसरलं तर खाचा संपल्या, तो वेज तर अजिबात घेऊ नका. दुसरं, जिथे शाफ्ट (क्लबचा दांडा) डोक्यात शिरतो तिथे एक काळी प्लास्टिकची रिंग असते, ती वर सरकली असेल किंवा खाली फट दिसत असेल तर आतला गोंद सुटायला लागला असण्याची शक्यता धरा. त्या रिंगच्या वर बोटभर जागेत स्टीलवर गंज बघा. वरवरचा तांबूस डाग कपड्याने निघतो, पण खड्डे पडलेले असतील तर तिथेच एक दिवस शाफ्ट मोडतो आणि मोडलेला तुकडा कुणाला लागेल सांगता येत नाही. तिसरं, ग्रिपच्या (हातात धरायच्या रबरी मुठीच्या) टोकाकडून एक डोळा मिटून शाफ्टकडे बघा, सुतार फळी बघतो तसं, वाक लगेच कळतो. आणि सगळ्या शाफ्टवरचे स्टिकर एकच आहेत ना ते बघा, पाच क्लब एका जातीचे आणि दोन दुसऱ्याच असे जोडलेले सेट खूप फिरतात.

तोंडाच्या मधोमध नाण्याएवढा झिजलेला डाग असेल तर घाबरू नका, आधीचा माणूस चांगला मारणारा होता एवढंच. फक्त तिथल्या खाचांवर नख परत एकदा फिरवा.

जळगाव, एमआयडीसीत स्वतःचं फॅब्रिकेशन

फौजी काकांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. खिशात एक चुंबक ठेवा. स्वस्तातल्या काही पेटीबंद सेटची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वरून क्रोम मारलेला, चुंबक चिकटत नाही. आयर्नसाठी नेहमी वापरतात त्या बऱ्याचशा स्टीलला चुंबक धरतो. ही काही शंभर टक्के परीक्षा नाही, काही स्टेनलेसला चुंबक लागत नाही, पण स्वस्त सेट आणि चुंबक पण लागत नाही असं दोन्ही एकदम असेल तर मी हात जोडतो. जस्ताची डोकी खडकाळ जमिनीवर पटकन ठेचतात आणि शाफ्टचा कोन बदलायला गेलात तर तडकतात.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. आमच्याकडे कोन मोजायचं साधन असतंच, तर मी दोन मित्रांचे सेव्हन आयर्न आणून लावून बघितले. एक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, त्याचा लॉफ्ट (तोंड मागे किती कललंय तो कोन) ३५ अंशाच्या आसपास, दुसरा अलीकडचा, तो ३० च्या पण खाली. म्हणजे आकडा दोघांवर ७ च आहे पण नवा जवळजवळ जुन्या पाच नंबरसारखा (नंबर लहान तसा कोन कमी आणि बॉल लांब). त्यामुळे "माझा नवा सेव्हन जुन्यापेक्षा एवढा लांब जातो" असं कुणी म्हटलं तर लगेच भारावून जाऊ नका. आणि याचा खरा फटका खाली बसतो. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३-४४ अंशाचा असतो आणि सँड वेज ५६ चा, मधे एवढी मोठी खिंड पडते की मधल्या अंतराला क्लबच नाही, मग ५० च्या आसपासचा एक वेज वेगळा घ्यावा लागतो. जुन्या सेटमध्ये पिचिंग वेजच ४८ च्या जवळ असायचा त्यामुळे तो खर्च वाचतो. बजेटवाल्यांनी सेट घेण्याआधी पिचिंग वेजचा लॉफ्ट नक्की विचारा, विकणाऱ्याला माहीत नसेल तर मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साईटवर बघा.

आणि जुनं म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही. पिंग कंपनी काढणारा कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर, त्याने १९५९ मध्ये घरच्या गॅरेजात पटर (बॉल भोकात ढकलायचा क्लब) बनवून सुरुवात केली. त्यांचे आय टू आयर्न १९८२ चे, आजही लोक खेळतात आणि चांगले खेळतात. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला असं काही वाचलं की फार बरं वाटतं.

धुळे

मी शिक्षिका आहे, पुण्यात मुलीकडे जाऊन-येऊन शिकले. बायकांसाठी म्हणून जो सेट दाखवतात तो सगळ्याच बायकांना बरोबर बसतो असं नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. लेडीज सेटचा शाफ्ट साधारण इंचभर आखूड आणि खूप लवचिक असतो. माझी उंची पाच फूट आठ इंच, त्या सेटवर मला फार वाकावं लागायचं, कंबर धरायची. प्रो ने पुरुषांचा सिनियर फ्लेक्सचा (वयस्करांसाठीच्या लवचिकतेचा) ग्रॅफाइट शाफ्टवाला सेव्हन हातात दिला आणि पाठ सरळ राहिली. ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ५० ते ८० ग्रॅमचा, स्टीलचा १०० ते १३० ग्रॅम, हा फरक पन्नाशीनंतरच्या मनगटाला आणि कोपराला चांगलाच कळतो. पैसे थोडे जास्त गेले पण दुखणं नाही. बहिणींनो, सेटवरचं लेबल न बघता आधी एक क्लब हातात घेऊन उभ्या राहून बघा, कुणाचाही चालेल.

नंदुरबार

मी डावखुरा. सेकंडहँडमध्ये काहीच मिळत नाहीये, मिळालं तर एकटा पाच नंबर. कुणाकडे डावा सेव्हन किंवा नाईन असेल तर सांगा भाऊ.

यावल, केळीवाले

आमच्याकडे कोर्स नाही काही नाही पण सराव रोज आहे. कापूस निघाला की वावर मोकळं होतं तिथे मारतो. काळी जमीन उन्हाळ्यात अशी तडकते की बॉल भेगेत गेला तर हात घालून काढावा लागतो आणि हात घालायच्या आधी काठीने बघावं लागतं, विंचू असतो. आणि ती जमीन सिमेंटसारखी कडक होते, तिच्यावर बॉल ठेवून खाली मारलं तर क्लब उसळतो, मनगटाला दणका बसतो आणि क्लबच्या तळाला ओरखडे पडतात. म्हणून मी खाली काथ्याची जाड चटई आणि त्याच्याखाली जळगावच्या प्लास्टिक चटयांच्या दोन-तीन घड्या टाकतो. समोर लिंबाला शेडनेट दुहेरी करून सैल टांगलंय, ताणून बांधलं तर बॉल मागे उसळून अंगावर येतो. जुनं उन्हात वाळलेलं नेट लावू नका, बॉल आरपार जातो, आणि नेटमागे गुरं किंवा माणूस नको हे दर वेळी बघा.

अशा जमिनीसाठी माझं मत, पहिला क्लब ओरखड्यांचा विचार न करता वापरता येईल असाच घ्या. मी डिकॅथ्लॉनचा इनेसिस (त्यांचा गोल्फचा ब्रँड) चा सुटा सेव्हन घेतला, त्यांच्याकडे एकेक क्लब मिळतो ही सोय फार मोठी आहे, पूर्ण सेटची जबरदस्ती नाही.

शिरपूर

सगळे सेकंडहँडच्या बाजूने लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा आंडोर (मुलगा) दहा वर्षांचा, त्याच्यासाठी मोठ्यांचे जुने क्लब कापून आखूड करा असं चार जणांनी सांगितलं. प्रो ने साफ नको सांगितलं. कापल्यावर शाफ्ट अजून ताठ होतो, डोकं मोठ्या माणसाचंच जड राहतं, आणि पोरगं ते उचलण्यासाठी अंग वेडंवाकडं करतं, ती सवय मग जात नाही. त्यापेक्षा त्याच्या उंचीचा ज्युनियर सेट नवा घेतला, चार क्लबचा, आणि उंची वाढली की विकून पुढचा घ्यायचा. लहान मुलांच्या बाबतीत तरी कंजुषी करू नका असं मला मनापासून वाटतं.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

माझ्या भाच्याने अमेरिकेतून जुन्या सामानाच्या दुकानातून सुटे आयर्न आणले, तिकडे एकेक क्लब फार स्वस्तात मिळतो. कुणी येणार असेल तर सांगून ठेवा पण क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येच टाकावे लागतात, डोक्यांना जुने मोजे घालून कपड्यांच्या मधे. तीन आणि चार नंबरचे आयर्न आणायला लावू नका, नवख्याला त्यांनी बॉल हवेत उचलता येत नाही, त्याऐवजी एक हायब्रिड (जाड डोक्याचा, लांब फटक्याला सोपा क्लब) सांगा.

आणि ग्रिपबद्दल कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, गाडीच्या डिकीत बॅग ठेवली की ग्रिपचं रबर कडक आणि गुळगुळीत होतं, मग हात घट्ट आवळला जातो आणि सगळा स्विंग बिघडतो. बॅग घरात ठेवा. जुना सेट घेतला की मी आधी ग्रिप बदलतो, घरीच होतं. जुनी ग्रिप बाहेरच्या बाजूने ब्लेडने चिरून काढायची, शाफ्ट साफ करून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, टेपवर आणि नव्या ग्रिपच्या आत थिनर ओतायचं आणि एका दमात सरकवायची, थांबलात की तिथेच अडकते. शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर ब्लेड अगदी जपून. हे उघड्यावर करा, बिडी-सिगरेट लांब. रात्रभर ठेवून सकाळी मारा.

अमळनेर / पुणे (धागा काढणारा)

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं कामाचं लिहाल असं वाटलं नव्हतं. धुळ्याच्या ताईंनी उंचीचं लिहिलं त्याला जोडून एक. क्लब आपल्या अंगाला बसतो का हे बघायला बॉलवर मार्करने जाड उभी रेघ ओढा, रेघ क्लबच्या तोंडाकडे येईल असा ठेवा आणि मारा. तोंडावर जो छाप उमटतो तो सरळ उभा असेल तर कोन ठीक, तिरका पडला तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा किंवा जास्त आडवा आहे. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) डोकं असेल तर कोन थोडा वाकवून घेता येतो, पण ते माहीतगाराकडूनच.

नंदुरबारच्या भाऊ, माझ्यासोबत खेळणारे एक जण डावखुरे आहेत, त्यांनी नवा सेट घेतलाय आणि जुने सेव्हन, नाईन, पिचिंग वेज काढायचे आहेत. मी खाचा, रिंग, गंज सगळं काकांनी सांगितलं तसं बघून फोटो पाठवतो. दिवाळीला अमळनेरला येतोय तेव्हा बॅगेत घेऊन येईन, आधी मारून बघा, मगच पैशाचं बोलू.