पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पेमेंटला ९० दिवस लिहिलेत, तरी ४५ दिवसांचा नियम लागतो का?

खोकेवाला
खेड्यातलं सूक्ष्म युनिट, पुठ्ठ्याचे खोके बनतात, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. खरेदीदार कंपनी परराज्यातली. पीओवर ‘पेमेंट ९० दिवसांनी’ छापलंय आणि सही करून दिलीय. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचे ४५ दिवस आता लागतात का? तक्रार त्यांच्या राज्यात करायची का? गिऱ्हाईक न तोडता काही होतं का?

हिशेबनीस
लागतात. २००६ च्या या कायद्याचं कलम १५ बघा: लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही, करारच नसेल तर १५ दिवस. ९० वर सही केलीत तरी ४६व्या दिवसापासून व्याज चढतं. कलम १६ प्रमाणे ते बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. (रेपो दर नव्हे, रिझर्व्ह बँकेचा बँक दर. ही गल्लत नेहमीची.) बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के, म्हणजे २ लाखांवर सहा महिन्यांत साधारण १८,६९० रुपये.

खरी मेख दिवस कधीपासून मोजायचे यात आहे. बिलाच्या तारखेपासून नाही, माल पोचल्याच्या दिवसापासून. मात्र पोचल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्यापासून मोजणी. म्हणून चलनावर शिक्का, सही आणि तारीख घ्याच, जीआरएन (खरेदीदाराने दिलेली माल मिळाल्याची नोंद) मिळाली तर उत्तम. ‘खोके ओले आले’ असं फोनवर म्हणणं ही हरकत नव्हे, पण पोच नसेल तर थकबाकीची तक्रार ऐकणाऱ्या परिषदेपुढे तेच पहिलं निघतं.

चलन_पावती
तक्रार तुमच्याच राज्यात. कलम १८ मध्ये तसं स्पष्ट आहे: पुरवठादार जिथला, तिथली सुकरीकरण परिषद, खरेदीदार भारतात कुठेही असो. अर्ज ऑनलाइन. सोबत पीओ, बिलं, पोच, बँकेचा उतारा आणि बिलवार व्याजाचा तक्ता. आधी समेट, तो फसला तर लवाद. कायदा ९० दिवस म्हणतो, तेवढ्यात उरकेल असं धरून चालू नका. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. सगळा दाब तिथे आहे.

अर्ज कुठे अडतात? उद्यममध्ये फक्त ट्रेडिंग नोंदलं असेल तर. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं, पण ते बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतं. दुसरं, नोंदणी करारानंतरची असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा महाकाली फूड्स निकाल (करारावेळी नोंदणी नसेल तर या कायद्याचा लाभ नाही) पुढे केला जातो. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवलाय, तरी नव्या पीओआधी नोंदणी तपासून घ्या. तिसरं, तीन वर्षांहून जुनी बिलं: लवादाला मुदत कायदा लागतो.

हिशेबनीस
गिऱ्हाईक टिकवायचं तर आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) वापरा (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक वेगळा). २०२३ च्या वित्त कायद्याने आलं, कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीत फेडलं नाही आणि ३१ मार्चला थकीत राहिलं, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही; पैसे देतील त्या वर्षी मिळतो. लेखी करार असेल तर १४ फेब्रुवारीपर्यंत पोचलेल्या मालाचे ४५ दिवस ३१ मार्चपर्यंत भरतात. फेब्रुवारीअखेर त्यांच्या अकाउंट्सला बिलवार यादी आणि उद्यम प्रमाणपत्र मेल करा. भांडण नको, नुसती यादी. त्यांचा ऑडिटर उरलेलं बघतो.

उलटा डावही असतो: ‘उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगाला देऊ.’ मध्यम उद्योगांना ना कलम १५ लागतं ना ४३बी(एच), म्हणून ही धमकी पोकळ नाही. अशा वेळी ट्रेड्सवर (बिल वित्तसंस्थेला विकून आधी पैसे घ्यायचा ऑनलाइन मंच) बिल विकायचा पर्याय सुचवा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, बिल मंजूर करणं मात्र नाही. तेवढी मंजुरी पीओतच लिहून घ्या.

खोकेवाला
उद्यममध्ये उत्पादन आणि ट्रेडिंग दोन्ही आहे. चालेल?

चलन_पावती
चालेल, खोके स्वतः बनवलेले असतील तर. बाहेरून आणून विकलेल्या मालाची बिलं त्या अर्जात घालू नका.