प्रभागातले मतदार फोनमध्ये लेबल लावून कसे सांभाळायचे? सल्ला हवा

पेठकर:
नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतली एक ताई कोल्हापूर महापालिकेला उभी राहणार आहे आणि फोनाफोनीचं काम माझ्याकडं आलंय. तालमीची पोरं, भिशीतल्या बायका, मंडळाची वर्गणीची वही, असे गोळा केलेले अकराशे नंबर आहेत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर गल्लीवार लेबलं लावायला बसलो, तर वीस लेबलं झाल्यावर पुढं होईना. २०१५ ला प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा होता, तेव्हा वहीवर भागलं. आता एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणजे चौघांचं पॅनेल आहे. लेबलं गल्लीनं लावू, वयानं लावू, का कोण आपला कोण त्यांचा यावर?

बावडेकर:
दादा, वीसच्या वर लेबलं होत नाहीत, आणि लागतही नाहीत. गल्ली नावातच घाला. मी असं सेव्ह करतो: यादी भाग, अनुक्रमांक, आडनाव, गल्ली. भाग क्रमांक पुढं असला की एका बूथची माणसं आपोआप एकाखाली एक येतात. अंतिम यादी आली की अनुक्रमांक बदलतात, म्हणून मतदार ओळखपत्राचा नंबर गुगल कॉन्टॅक्ट्सच्या नोंदीत लिहून ठेवा, तो तोच राहतो.
लेबल लावताना त्या घरी आपलं पुढचं काम काय, तेवढंच लिहा. ‘चिठ्ठी द्यायची’, ‘यादीत नाव नाही’, ‘पाण्याची तक्रार’, ‘परत भेट’, ‘फोन नको’. काम झालं की लेबल काढायचं. ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ ही लेबलं कार्यकर्ता स्वतःच्या अंदाजानं लावतो आणि निम्मी चुकतात. माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला तरच लावा. पॅनेल असल्यामुळं ‘फक्त ताई’ असं एक लेबल मात्र जरूर ठेवा. चारातलं एकच मत आपल्याला देणारी घरं पुष्कळ असतात, त्यांना पॅनेलचा मेसेज गेला तर तेही मत जातं.

राजारामपुरीची सून:
दोन लेबलं माझी. पहिलं ‘बाहेरगावी’. आमच्या गल्लीतली निम्मी तरणी पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. त्यांना आदल्या दिवशी फोन करून काय उपयोग? आठ-दहा दिवस आधी करा, म्हणजे रजा आणि एसटीचं रिझर्वेशन होतं. तिकिटाचे पैसे मात्र देऊ नका, ते प्रलोभनात मोडतं.
दुसरं लेबल ‘वारले’. मागच्या खेपेला आमच्यातल्याच एका मुलानं यादी बघून फोन लावला, “आजींना बूथवर आणायला कधी येऊ?” आजी जाऊन तीन आठवडे झाले होते. फोन त्यांच्या मुलीनं उचललेला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, पण ती बोललीच नाही. यादीतलं नाव आपण काढू शकत नाही, फोनमध्ये खूण तरी करू शकतो. ही खूण सगळ्यात आधी करा.

रंकाळा_पश्चिम:
सोपं सांगतो. आडनावावरून समाजाचं लेबल लावा, ज्याला जे पटेल ते पाठवा.

बावडेकर:
हे करू नका, मनापासून सांगतो. जातीच्या नावानं मत मागायला आचारसंहितेत बंदी आहे. विधानसभा-लोकसभेला तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नं तो भ्रष्ट आचार ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. शाहू महाराजांच्या गावात शेजाऱ्याची जात फोनमध्ये नोंदवून ठेवायची, हे मला सोसत नाही. नळाला पाणी नसलं तर ते सगळ्या गल्लीलाच नसतं.
पेठकरदादा, भिशीचे आणि वर्गणीचे नंबर लोकांनी प्रचारासाठी दिलेले नाहीत. घरी गेल्यावर विचारा, “मेसेज पाठवला तर चालेल का?” हो म्हणाले की तिथंच आपला नंबर सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं बसतात आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. न विचारता ढीगभर पाठवलं, लोकांनी तक्रार केली, की नंबर बंद होऊ शकतो.

पेठकर:
सगळ्यांचे आभार. काल आईला बरोबर घेऊन पहिली गल्ली केली. ‘वारले’ पाच निघाले, त्यातले दोघे मला माहीतच नव्हते. नऊ जणांना ‘यादीत नाव नाही’ लागलंय, सगळे वर्षानुवर्षं तिथंच राहणारे. यांचं काय करू?

राजारामपुरीची सून:
शेजारच्या प्रभागाची यादी आधी बघा. महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून प्रभागवार फोडतात, त्यात हद्दीवरची घरं पलीकडं जातात. तिथं नावं सापडली तर हरकतींच्या मुदतीतच अर्ज द्या. नऊ जणांचे ओळखपत्र नंबर आजच घेऊन ठेवा.